दमान्यांचा न तुटलेला बोल्ट

त्यांचं खरं आडनाव दमाने नव्हतं. पण गिऱ्हाईक घाई करू लागलं की ते म्हणायचे, "जरा दमानं." गंजलेला बोल्ट कुरकुरला की त्यालाही तेच. दाढ काढायला गेले तेव्हा तोंडात चिमटा असताना डॉक्टरलाही त्यांनी तेच सांगितलं म्हणतात. शेवटी लोकांनी तेच आडनाव ठोकून दिलं. एक दिवस टपालवाला 'श्री. दमाने, जुन्या गाड्यांचे मिस्त्री' असं लिहिलेलं पाकीट घेऊन आला, तेव्हा त्यांनी मुकाट्याने सही करून ते घेतलं. बायको म्हणायची, "ह्यांनी मला होकार द्यायलाच दोन वर्षं लावली, बोल्टाचं काय घेऊन बसलात!"

गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा आणि मागे छोटं अंगण. भिंतीवर पाने लहान-मोठ्या क्रमाने टांगलेले, एकही जागचा हललेला नाही. रस्त्याच्या पलीकडे दुसरं गॅरेज होतं, ते चालवणाऱ्याला सगळे रॉकेट म्हणत. त्याच्याकडे हवेवर चालणारी बोल्ट खोलायची बंदूक होती, ती दिवसभर खडखडायची. रॉकेटच्या हातून आठवड्याला एखादा बोल्ट तुटायचाच. त्याला त्याचं काही नव्हतं. आत अडकलेल्या बुडख्यावर तो एक नट ठेवायचा, वेल्डिंगचा ठिपका मारायचा, नटाला पाना लावून बुडखा बाहेर काढायचा आणि शीळ घालत पुढच्या कामाला लागायचा. अर्ध्या तासाचा मामला. दमाने ते बघून तोंड वाकडं करायचे.

"आधी मोडायचं आणि मग डाग लावून काढायचं, ही काय कारागिरी झाली? एकतीस वर्षांत माझ्या हातून इंजिनाचा एक बोल्ट तुटलेला नाही," ते म्हणायचे. आणि ते खरं होतं. पुढचं सगळं त्या खरेपणानेच घडवलं.

त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. पहिल्या दिवशी पाना हातात घ्यायचाच नाही. तारेच्या ब्रशने बोल्टाभोवतीचा गंज खरवडायचा, तेलाचे चार थेंब सोडायचे आणि गाडीकडे पाठ फिरवायची. पी हळद आणि हो गोरी असं गंजाच्या बाबतीत चालत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, आणि बोल्टाच्या डोक्यावर हातोडीचे सरळ, हलके ठोके, आतल्या गंजाला तडा जाईल इतपतच. तिसऱ्या दिवशी आच. त्याआधी बॅटरीची तार काढायची, पेट्रोलची नळी सोडवून तोंड बंद करायचं, वाळूची बादली जवळ ठेवायची, डोळ्यांवर चष्मा चढवायचा. ज्योत बोल्टावर धरायची नाही, त्याच्या भोवतीच्या लोखंडावर धरायची, म्हणजे भोक फुगतं आणि बोल्टाची मिठी सैल होते. गरम असतानाच मेणबत्तीचं टोक टेकवायचं, मेण वितळून आट्यांत आपोआप शिरतं. मग सहा कोनांचा, घट्ट बसणारा पाना. ओढायचा तो आपल्याकडे, ढकलायचा कधीच नाही, कारण सटकला तर बोटांची सालटं निघतात. पान्याला लांब नळी लावून जोर वाढवायचा नाही. आणि पहिल्यांदा बोल्ट सोडवायचा नाही, केसभर आवळायचा. मग थोडा सोडवायचा, पुन्हा मागे, पुन्हा तेल, पुन्हा पुढे.

"बोल्ट कुरकुरला तर घाबरू नका, तो यायला तयार आहे," ते सांगायचे. "पण मऊ लागला, लोण्यासारखा फिरायला लागला, तर तिथल्या तिथे हात थांबवा. तो निघत नसतो, पिळला जात असतो. आणखी एक बोट फिरवलंत की गेला."

हे सगळं त्यांना पाठ होतं. दुसऱ्याला सांगताना तर फारच पाठ होतं.

दमान्यांना सख्खी अशी एकच होती, अक्का. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची आणि हे पाच वर्षांचे. तिनेच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत बसवलं, शाळेतून पळून आले तेव्हा कानफटात मारलं आणि पुन्हा नेऊन बसवलं. तिच्या लग्नात नवऱ्या मुलाने विचारलं होतं म्हणे, "हा पोरगा पण बरोबर येणार का?" ती म्हणाली, "येणार." तो नवरा मुलगा म्हणजे दाजी. छापखान्यात मजकुराच्या चुका शोधण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर शोधायला चुका उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी वडिलांची पन्नास वर्षांची जुनी गाडी शेडमधून बाहेर ओढली आणि ती चालू करायचा ध्यास घेतला. एकुलती लेक चार तासांच्या अंतरावरच्या शहरात परिचारिका होती, तिने नुकतंच स्वतःचं घर घेतलं होतं. त्या घरासमोर ह्या गाडीतून उतरायचं, एवढंच दाजींचं स्वप्न होतं.

गाडी दमान्यांकडे आली. इंजिनाचा जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणारा एक बिडाचा हातभर लांब तुकडा असतो, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तो आठ बोल्टांवर बसवलेला. सतत तापून आणि गार होऊन तिथले बोल्ट जितके हट्टी होतात तितके गाडीत दुसरे कुठले होत नाहीत. त्यातही दोन टोकांचे जास्तच. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो तिथे बघावा.

दाजी रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायचे आणि बघायचे. दमान्यांनी नेहमीसारखं तीन दिवस तेल-ठोके-आच केलं आणि चौथ्या दिवशी एकेक बोल्ट सोडवायला घेतला. पहिला, दुसरा, तिसरा. दाजींना राहवेना. प्रत्येक बोल्ट निघाला की ते टाळी वाजवायचे. सातवा निघाला तेव्हा फोन काढून अंगणात गेले आणि अक्काला मोठमोठ्याने सांगू लागले. आवाज पत्र्यातून सरळ आत येत होता.

"अगं, सगळे निघाले! एक राहिलाय, तो काय, निघाल्यातच जमा. समोरचा तो बंदूकवाला बघायला आला होता, त्याला म्हटलं, आमच्या मेव्हण्याच्या हातून बोल्ट तुटत नसतो, लिहून घे!"

दमान्यांना ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. हात पान्यावर होता, कान अंगणात होते. आठवा बोल्ट, आतल्या बाजूचा, गाडीत बसणाऱ्यांच्या पायांच्या सगळ्यात जवळचा. पाना फिरला. मऊ लागला. लोण्यासारखा. हाताला ते कळलं होतं, पण हात थांबला नाही, कारण बाहेर त्यांची स्तुती चालली होती आणि ते ती ऐकत होते.

आवाज फारसा झाला नाही. बोल्टाचं डोकं पान्यातच राहिलं आणि उरलेला बुडखा इंजिनात, पृष्ठभागाशी सपाट.

रस्ता ओलांडून रॉकेटला हाक मारायची, एवढंच करायचं होतं. तो आला असता, ठिपका मारून बुडखा काढला असता, दोन टोमणे मारले असते आणि गेला असता. दाजींनी महिनाभर चिडवलं असतं. पण एकतीस वर्षांचा मान होता, आणि नाकापेक्षा मोती जड झाला की माणूस काय करील सांगता येत नाही. दमान्यांनी तुटकं डोकं खिशात टाकलं.

"निघाला का?" दाजींनी आत येत विचारलं.

"निघाला," दमाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दाजी यायच्या आत त्यांनी सांध्यातून धूर सुटू नये म्हणून मध्ये बसणारं नवं पॅकिंग घातलं, मॅनिफोल्ड बसवला, सात नवे बोल्ट आवळले. आठव्या नव्या बोल्टाचं डोकं करवतीने कापलं आणि धातूच्या पुट्टीने भोकावर चिकटवलं. वरून जरा काजळी फासली. बघणाऱ्याला आठच्या आठ दिसत होते. आठातला एक नसला तर काय बिघडतं, सात धरतील की, असं त्यांनी स्वतःला समजावलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर त्यांनी त्याला गॅरेजात पाऊल टाकू दिलं नसतं.

गाडी चालू झाली तेव्हा दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी इंजिनात डोकं घालून एकेक बोल्ट मोजला. "आठ! शाबूत!" ते म्हणाले. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाला ही दिसली नाही. दिसू नये याची काळजी त्यांच्या लाडक्या मेव्हण्याने घेतली होती.

सुरुवातीचे काही आठवडे सात बोल्टांनी धरलं. मग थंडी पडली. गाडीत गरम हवेची एक जुनी पेटी होती, ती इंजिनाच्या बाजूनेच हवा ओढून आत सोडायची. दाजी बायकोला गावभर फिरवू लागले, आणि एक दिवस अक्काचा फोन आला.

"काय रे, ह्या गाडीत बसलं की माझं डोकं जड होतं. मळमळतंसुद्धा. हे म्हणतात, वय झालं तुझं."

दमान्यांना लगेच कळलं. आठव्या बोल्टाच्या टोकाला पॅकिंग जळून फट पडली होती, तिथून धूर सुटत होता आणि पेटी तो आत ओढत होती. त्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, माणूस नुसता पेंगतो. मिस्त्र्याला हे सांगावं लागत नाही.

"गाडी आणून टाका एकदा," ते म्हणाले.

मागून दाजींचा आवाज आला, "कशाला? झक्कास चालतेय! त्याला म्हणावं, रविवारी लेकीकडे जाऊन येतो, मग बघ काय बघायचंय ते."

गाडी चालवू नका, असं म्हणायला हवं होतं. का, असं त्यांनी विचारलं असतं. त्या 'का'चं उत्तर दमान्यांना द्यायचं नव्हतं.

"बरं, मग काच चार बोटं उघडी ठेवत जा," ते म्हणाले. "जुन्या गाडीत कोंदट होतं."

"थंडीत?"

"थंडीत पण. विसरू नकोस, अक्का."

आणि फोन ठेवल्यावर त्यांना वाटलं की आपण काहीतरी केलं.

रविवारी पहाटे दोघं निघाली. अर्ध्या वाटेवर दाजींना झोप अनावर झाली, म्हणून त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून ऊब राहावी यासाठी इंजिन चालूच ठेवलं. दहा वाजता एका ट्रकवाल्याला संशय आला, त्याने काच फोडली. दाजी गेले होते. अक्का दाराला टेकून झोपली होती, त्या दाराचं रबर फाटकं होतं, तिथून जरा वारा येत होता, म्हणून ती चार दिवसांनी शुद्धीवर आली.

पोलिसांच्या कागदावर 'जुनी गाडी, बंद काचा, इंजिन चालू' एवढं आलं. गाडी ओढून दमान्यांच्याच अंगणात आणून लावली, कारण ती नेमकी कुठे ठेवायची हे दुसऱ्या कुणाला सुचेना. त्यांनी तिच्यावर ताडपत्री टाकली. त्या दिवसापासून त्यांचं जेवण सुटलं. बायकोने विचारलं, रॉकेटने विचारलं. ते म्हणाले, दाजींचं दुःख. लोकांना ते पटलं. उलट लोक त्यांची कीव करू लागले, आणि ती कीव त्यांना मारापेक्षा जास्त लागली.

तीन आठवड्यांनी भरदुपारी अक्का गॅरेजात आली. चालताना भिंतीचा आधार घेत होती. दमान्यांनी स्टूल पुढे केलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"मी फार वेळ बसणार नाही," ती म्हणाली. "भंगारवाल्याला सांगितलंय, उद्या येऊन घेऊन जाईल ती. तू नुसतं गॅरेज उघडून दे."

"बरं."

उद्या. म्हणजे उद्यानंतर ती गाडी चिरडून लोखंडाचा गठ्ठा होईल, आणि त्याच्या आत काय चिकटवलं होतं ते जगात कुणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. दमान्यांच्या मनात हा हिशेब झाला, नाही असं नाही.

अक्का जमिनीकडे बघत होती. "तुला एक सांगायचंय. तू काच उघडी ठेवायला सांगितलं होतंस. मी ठेवलीही होती. पण गाडी थांबवल्यावर मला फार थंडी वाजायला लागली. हे झोपले होते. मीच काच वर केली रे. माझ्याच हाताने."

"अक्का..."

"थांब, बोलू दे. दवाखान्यात लेकीने विचारलं, काच बंद कुणी केली. मी खरं ते सांगितलं. मामाने बजावलं होतं हेही सांगितलं. ती एवढंच म्हणाली, 'मामाने सांगितलं होतं ना तुला?' तेव्हापासून बोलत नाही माझ्याशी. फोन उचलत नाही. तिचंही बरोबर आहे. बाप मारला मी तिचा." तिने पदराने नाक पुसलं. "रोज उठते आणि वाटतं, चार बोटं. चार बोटांचीच तर गोष्ट होती."

दमाने उभे राहिले. आपलं पाप ह्या बाईच्या डोक्यावर तीन आठवडे ठेवून आपण लोकांकडून सांत्वन घेत होतो, हे त्यांना इतकं स्वच्छ दिसलं की स्वतःची किळस आली. त्यांनी ताडपत्री ओढून काढली, बॉनेट उचललं.

"अक्का, इकडे ये. बघ."

ती आली. त्यांनी मॅनिफोल्डच्या आतल्या टोकाकडे बोट केलं. मग पाना न घेता दोन बोटांनी आठव्या बोल्टाचं डोकं धरलं आणि उचललं. ते हातात आलं. खाली जळकं पॅकिंग होतं आणि काळी फट.

"हे काय?" अक्काने विचारलं.

"हा बोल्ट माझ्या हातून तुटला होता. दाजी अंगणात तुला फोनवर सांगत होते तेव्हाच. मला लाज वाटली म्हणून मी नुसतं डोकं चिकटवून दिलं. धूर इथून सुटला."

अक्काला कळायला वेळ लागला. मग तिचा चेहरा उजळला, खरोखर उजळला. "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"काच उघडी असती तर कदाचित वाचले असते. पण उघडी ठेवायची वेळच यायला नको होती. तुझ्यामुळे नाही."

ती स्टुलावर बसली. दोन्ही हात तोंडावर घेऊन रडली. दमाने समोर उभे होते. थोड्या वेळाने रडणं थांबलं, आणि ती त्यांच्याकडे बघू लागली. पाच वर्षांच्या पोराला शाळेतून पळून आल्यावर बघायची तसं नाही. ते बघणं त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"काच उघडी ठेव म्हणालास, तेव्हा तुला माहीत होतं?"

खोटं बोलायला जागा होती. नव्हतं माहीत, असं म्हटलं असतं तर तिने ते धरून ठेवलं असतं, कारण तिला ते हवं होतं.

"माहीत होतं," दमाने म्हणाले.

"माझं डोकं दुखतंय म्हटलं तेव्हा?"

"हो."

पलीकडे रॉकेटची बंदूक खडखडत होती. ती थांबली, पुन्हा सुरू झाली. अक्काने पदर सारखा केला.

"पोरीला फोन लाव," ती म्हणाली. "तुझ्या फोनवरून. माझा उचलत नाही ती. आधी तिला सांग, मग पोलिसांकडे जाऊन सांग. मी बरोबर येणार नाही."

दमान्यांनी हात पुसले. कापड तेलकटच होतं, हात तसेच राहिले. दुसऱ्याच घंटीला भाचीने फोन उचलला.

"मामा! अरे, तुझीच आठवण काढत होते. बरा आहेस ना? खरंच सांगते, ह्या दिवसांत तू होतास म्हणून मी उभी राहिले."

दमान्यांनी डोळे मिटले. "बाळा, मध्ये बोलू नकोस, मी सांगतो ते पूर्ण ऐक," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. बोल्ट, पुट्टी, डोकेदुखीचा फोन, चार बोटं. काही गाळलं नाही. जन्मात पहिल्यांदा ते भराभर बोलले, कारण थांबलो तर पुढे बोलता येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं.

सांगून झालं.

"आई आहे तिथे?" भाचीने विचारलं. तो आवाज मामाशी बोलायचा नव्हता.

"आहे."

"तिला दे."

त्यांनी फोन पुढे केला. अक्काने तो त्यांच्या बोटांना हात न लागू देता घेतला आणि पाठ फिरवून कानाला लावला. बराच वेळ ती नुसती ऐकत होती. खांदे हलत होते.

"नाही गं," मग ती म्हणाली, "अजून नाही जेवले."